सातवं बटण

बेंजोला वाद्य म्हणायचं की नाही, हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. माझ्यासमोर मात्र घालू नये. परवा एका घरगुती गाण्याच्या बैठकीत पेटीवाल्याशेजारी बसलेले एक गृहस्थ हसत म्हणाले, "बेंजो म्हणजे काय हो, वरातीतलं खेळणं!" चारचौघं हसले. मी बशीतला लाडू तसाच ठेवला आणि उठून घरी आले. या वयात लोकांशी भांडू नये असं माझा मुलगा सांगतो, म्हणून भांडले नाही. पण लिहू नये असं काही तो म्हणालेला नाही.

मी ज्यांच्याकडे बेंजो शिकले ते मिठागरावर राबत. दुसरी यत्तासुद्धा त्यांनी पुरी केली नव्हती. त्यांच्या तोडीचा शिक्षक मला पुढे कुठेही भेटला नाही, आणि हे मी कुणाची परवानगी घेऊन म्हणत नाही.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीवर, जरा आतल्या अंगाला. एकीकडे मिठागरं, दुसरीकडे भातशेती, आणि शेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून मधे मातीचा लांबलचक बांध. आमच्या घरासमोरच त्यांचं घर. आमची पडवी आणि त्यांचा ओटा यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. तरुणपणी ते मिठाच्या मचव्यावर मुंबईला जात, आणि तिथून एका खेपेला त्यांनी बेंजो आणला. हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. त्यांना कुणी शिकवलं नाही. ऐकलेलं गाणं बटणं चाचपत चाचपत शोधायचं, सापडेपर्यंत उठायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. पुढे पंचक्रोशीतली हळद त्यांच्याशिवाय रंगेनाशी झाली. मग लोक शिकायला यायला लागले. शाळा अर्धवट सोडलेला माणूस शिकवतो म्हणून गावाने चेष्टेत त्यांना 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली. चेष्टा विरली, मास्तर राहिले.

मिठाने त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. बेंजो घेण्याआधी ते खोबरेल चोळून बोटं मऊ करत, आणि वाजवून झालं की घासलेटाच्या फडक्याने तारा पुसत, कारण आमच्या हवेत तारेला गंज चढायला दोन दिवस पुरे. हे सगळं मी पडवीतून बघत असे. बघता बघता एक दिवस गल्ली ओलांडून गेले. तेव्हा मी तेरा वर्षांची असेन. मुलीच्या जातीने बेंजो कशाला, असं आईसुद्धा म्हणाली. मास्तर म्हणाले, "तिला कान हान. कान पोरीचं का पोराचं कोन बघतं?"

त्यांनी मला त्यांचा पहिला बेंजो दिला. त्याचं सातवं बटण मुकं होतं. आतला पत्रा तुटलेला. दाबलं तरी तार दाबली जात नसे आणि नखी मारली की भलताच सूर निघे. मी दुरुस्त करून मागितला. ते म्हणाले, "नको. सातवा आला का थांब. तेवरा सूर मनात बोल, नि मग पुरं जा. वाजवाला कोनालाव येतं, थांबाला शिक." मला राग आला. इतरांना धड बेंजो आणि मला तुटका! पण महिनाभरात कळलं की त्या एका बटणाने मला जे शिकवलं ते बाकीच्या सगळ्या बटणांनी मिळून शिकवलं नसतं. माझा स्वभाव धावरा. गाणं आलं की मी त्याच्या पुढे पळे. सातवं बटण दर फेरीला माझा पदर धरून मला थांबवी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. गावाच्या खाली, ओढ्यापलीकडे एक वाडी होती. या वाडीतल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या गावच्या पालखीपुढे, पण लांब उभं राहून, वाजवायचं असा रिवाज होता. त्यांनी धर्म बदलला आणि ते काम सोडून दिलं. गावाच्या कपाळाला आठ्या पडल्याच होत्या. अशात वाडीतला एक तिशीतला गडी, ज्याचा बाप आयुष्यभर पालखीपुढे वाजवत आला होता, मास्तरांकडे बेंजो शिकायला आला. मास्तरांनी त्याला अंगणात उभं केलं नाही. ओट्यावर, आपल्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. आमच्या सगळ्यांना तसंच बसवत, कारण बोटं धरून दाखवायची तर दुसरी तऱ्हाच नव्हती.

आठ दिवसांत गावकी बसली. गावकी म्हणजे गावच्या पंचांची बैठक. आमच्या भागात तिचा शब्द कचेरीच्या शब्दापेक्षा जड. माझे वडील त्या पंचांत होते. हे मी लपवत नाही. मारुतीच्या देवळात मास्तरांना उभं केलं आणि म्होरक्याने सांगितलं, "नारल ठेव, नि वाडीवरच्या मानसाला शिकवनार नाय असा बोल. इषय संपला." पंचांपुढे नारळ ठेवायचा म्हणजे चूक कबूल करून माफी मागायची, असा आमच्याकडचा रिवाज. भल्याभल्यांनी नारळ ठेवले होते.

मास्तर म्हणाले, "मना दोन हात हान. दोनी बेंजोला लागतान. नारल धराला तिसरा हात कुठशी आनू?"

देवळाबाहेर आम्ही बायकामुली उभ्या होतो. कुणीतरी खुदकन हसलं, आणि त्या हसण्याने पंचांच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. निकाल लागला. मास्तरांना वाळीत टाकलं. त्यांच्या ओट्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. त्यांच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, त्यांच्या हातात काही द्यायचं नाही, त्यांच्या हातून काही घ्यायचं नाही. कुठल्याही मांडवात त्यांना बोलवायचं नाही. हे सगळं नारळ ठेवीपर्यंत.

घरी येऊन वडील मला म्हणाले, "त्याचा बेंजो देऊन टाक परत." मी म्हटलं, "देते. कुनाच्या हातान देऊ?" मास्तरांच्या हातात काही द्यायचं नाही, हे वडिलांना आठवलं. त्यांनीच तासाभरापूर्वी मान डोलावलेला निकाल होता तो. बेंजो मोडून टाकणंही त्यांना जमेना. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस. शेवटी त्यांनी तो माळ्यावर ठेवला आणि मला बजावलं, "हात लावू नको." वडील शेतावर गेले की मी शिडी लावत असे.

पंच हुशार होते, पण त्यांच्या निकालात एक भोक राहून गेलं होतं. बोलायचं नाही असं ते म्हणाले होते. ऐकायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. दुपारी गल्लीत सामसूम झाली की मास्तर आपल्या ओट्यावर बसून एक ओळ वाजवत आणि थांबत. मी आमच्या पडवीत, दाराआड बसून तीच ओळ वाजवत असे. चुकली की ते पुन्हा वाजवत. बरोबर आली की पुढची. ना त्यांनी मान वर केली, ना मी दाराबाहेर डोकावले. तीन वर्षं माझी शिकवणी अशी चालली. माझ्या बेंजोचं सातवं बटण मुकं आहे हे ते कधी विसरले नाहीत. माझ्या वाटणीच्या ओळीत तो सूर आला की ते अशा बेताने ओळ तोडत की मला थांबायला जागा मिळे. समोरासमोर बसून, काठी घेऊन शिकवणारे मास्तर मी पुष्कळ बघितले. गल्लीपलीकडून, मान वर न करता, विद्यार्थिनीच्या बेंजोतलं एक तुटकं बटण सांभाळणारा दुसरा कुणी असेल तर मला दाखवा.

वाडीतला तो गडीही यायचा थांबला नाही. गावकीचा निकाल त्याच्यावर चालत नव्हता, आणि चालला असता तरी तो आला असता. भर दुपारी, गल्लीच्या मधोमध चालत यायचा.

मास्तरांचे हाल झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. मिठागरावर त्यांना एकट्याने काम करावं लागे. लग्नसराईत पंचक्रोशीतून बोलावणी येत, ती आमच्या गावकीने निरोप धाडून बंद केली. एका श्रावणात उधाणाच्या पाण्याने बांध फुटला. बांध फुटला की घरटी माणूस धावतो आणि रांग लावतो. चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात असे शेवटपर्यंत जातात, त्याशिवाय उधाण आवरत नाही. मी भाकऱ्या घेऊन गेले होते. मास्तर रांगेत उभे राहिले, गोळा उचलला आणि पुढे केला. पुढच्या माणसाने हात मागे घेतले. मास्तरांचे हात तसेच पुढे, चिखल कोपरावरून गळतोय. त्या रांगेत माझे वडील होते, आणि त्यांनी दुसरीकडे बघितलं. मग मास्तर रांगेतून बाहेर पडले आणि भगदाडाच्या दुसऱ्या टोकाला एकटे जाऊन भर घालायला लागले. थोड्या वेळाने वाडीतला तो गडी तिथे आला. त्याच्या वाडीची तिथे एक वाफाही जमीन नव्हती. तो मास्तरांच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्याने हात पुढे केले. दोन माणसांची ती रांग. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या बाजूचा बांध वर आणला.

मला त्या दिवशी आपल्या माणसांची लाज वाटली. पोरीच्या लाजेला गावात कोण विचारतो? पण तिथेच, भाकऱ्यांची टोपली डोक्यावर असताना, मी एक गोष्ट ठरवून टाकली. मला फक्त माझ्या हळदीची वाट बघायची होती.

याचं कारण असं. आमच्याकडे नवरीच्या अंगाला हळद लागली की ती सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत तिला कुणी नाही म्हणायचं नसतं. तिच्यावर आवाज चढवायचा नसतो, तिला रडवायचं नसतं. हळदीच्या अंगाचा शब्द मोडला तर दोन्ही घरांना बाधतो, असं मानतात. बायकांच्या जन्मात एवढे दोनच दिवस हुकमाचे. बहुतेक जणी त्या दिवसांत करंज्या मागत, नाहीतर मावशीच्या गळ्यातली सर. मी काय मागणार आहे हे मी बांधावरच्या त्या दिवसापासून कुणाला कळू दिलं नव्हतं.

खाडीपलीकडचं स्थळ आलं, लग्न ठरलं. आमच्या दारात मांडव पडला. उन्हं कलल्यावर हळद सुरू झाली. लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणारी आमच्याकडची बाई म्हणजे धवलारीण. गावची धवलारीण म्हातारी होती आणि बेंजोवर तिचा जुना राग; कोंबडी धरल्यासारखा केकाटतो म्हणायची. तिचं गाणं संपलं, माझे हातपाय गाल पिवळे झाले, आणि तिने विचारलं, "काय पायजे गं नवरे?"

मी म्हटलं, "माल्यावरचा बेंजो."

आईने तोंडाला पदर लावला. गावकीचा म्होरक्या मांडवातच बसला होता. तो वडिलांना म्हणाला, "पोरीला आवर." वडिलांनी माझ्याकडे बघितलं, म्होरक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हलद लागलीय तिला. आज मी काय सांगू?"

धवलारीण उठली. मला वाटलं आता ही माझं तोंड बंद करणार. तिने शिडीकडे बोट दाखवलं. "नवरी हाय ती. आज तिला नाय बोलाचा नाय. कारा खाली."

बेंजो खाली आला. मी तो मांडीवर घेतला. हळदीने बोटं बुळबुळीत झाली होती. मास्तर हळदीत सगळ्यात आधी जी चाल वाजवत तीच मी धरली. तीन वर्षं आमच्या गावातल्या कुठल्याच हळदीने ती ऐकली नव्हती. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत सातवं बटण येत होतं. मी तिथे आले आणि थांबले, शिकवलं होतं तशी. तो सूर मनात म्हणायला गेले.

तो सूर गल्लीपलीकडून आला.

एकच सूर. नेमका तिथे, नेमका तेवढा. मी पुढे गेले. पुन्हा सातवं आलं, पुन्हा मी थांबले, पुन्हा समोरच्या ओट्यावरून तो सूर आला. मास्तरांनी दुसरं काही वाजवलं नाही. गाणं माझं, मांडव माझ्या बापाचा, आणि त्यातला एक सूर वाळीत टाकलेल्या घरातला. पंचांनी आता कुणाला अडवायचं? नवरीला नाही म्हणता येत नव्हतं. मास्तर आपल्या ओट्यावर होते, त्यांनी कुठल्याच मांडवात पाय ठेवला नव्हता. तिसऱ्या फेरीला बायका उठल्या आणि नाचायला लागल्या. धवलारीण सगळ्यात पुढे. म्होरक्या निघून गेला, पण जाताना त्याला बायकांमधून वाट काढत जावं लागलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. मास्तरांनी शेवटपर्यंत नारळ ठेवला नाही. बहिष्कार कधी उठला तेही कुणाला सांगता येणार नाही, कारण तो कुणी उठवलाच नाही. माझ्यानंतर जिला जिला हळद लागली तिने बेंजो मागितला; आधी ओट्यावरून, मग अंगणातून, मग मांडवातून. एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर मी माहेरी गेले तेव्हा गावातल्या एका लग्नात मास्तर आणि वाडीतला तो गडी असे दोघं शेजारी बसून वाजवत होते. लांब कुणी उभं नव्हतं. खेळणं म्हणे!

आता त्या शेवटच्या दुपारचं. लग्न लागलं. भरतीची वेळ साधून होडीने पलीकडे जायचं होतं. वऱ्हाड बंदराकडे निघालं ते मास्तरांच्या ओट्यासमोरूनच. नवरीने होडीत एकटीने पाय ठेवायचा नाही, बापाने हात धरून चढवायचं, असा आमचा रिवाज. मी ओट्यापाशी आले आणि वर चढून बसले. अंगाला हळद होती. सासरचा उंबरा अजून लांब होता.

सगळं वऱ्हाड गल्लीत खोळंबलं. मास्तर खांबाला टेकून बसले होते, ते हलले नाहीत. होडीवाला बंदरावरून ओरडत होता, पाणी उतरायला लागेल म्हणून. वडील गल्लीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली, की ते मला तिथेच सोडून वळतील. बांधावर वळले होते तसे.

त्यांनी वहाणा काढल्या आणि ओट्यावर चढले. माझा हात धरण्याआधी ते मास्तरांकडे वळले. "जरा पानी दे रे," ते म्हणाले.

मास्तर आत गेले आणि तांब्या घेऊन आले. वडिलांनी तो त्यांच्या हातून घेतला आणि सगळ्या गावासमोर, सावकाश, तळापर्यंत प्यायले.

मी मास्तरांच्या पायाला हात लावला. तीन वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील.

"तिसरे फेरीन पललीस," ते म्हणाले. "थांबाला शिकवलता ना तुला?"

मी मान खाली घातली. बायका नाचायला उठल्या तेव्हा मी खरंच पळाले होते.